दम नंतर, आधी बोटं

"चाळिशीनंतर बॅगपाइप (काखेत हवेची पिशवी दाबून वाजवायचं वाद्य) फुंकायला दम पुरत नाही" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. दमाची पाळी फार उशिरा येते. मी त्रेचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली आणि पहिले आठ महिने पिशवीला हातच लावला नाही. नुसती प्रॅक्टिस चँटरची नळी, म्हणजे पिशवीशिवाय तोंडाने फुंकून बोटांचा सराव करायची. सूर मोजून नऊ. पण बॅगपाइपवर आवाज मध्ये तोडता येत नाही, म्हणून एकच सूर लागोपाठ दोनदा हवा असेल तर मध्ये दुसऱ्या सुराचा निसटता टिचका द्यावा लागतो. माझी गाडी तिथेच रुतली होती. पिशवी आल्यावरही फुंकण्यापेक्षा काखेतला दाब सारखा ठेवणं जड गेलं.

आपल्याकडच्या उन्हाचं मात्र कुणी बोलत नाही. जळगावच्या मे महिन्यात चँटरची रीड (थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) अशी वाळते की पाइप बोलतच नाही. मी ती कूलरसमोरही ठेवून पाहिली (घरच्यांनी हात जोडले). शेवटी घट्ट झाकणाची डबी, आत ओलसर स्पंज, रीड त्याला न टेकवता. जुलैत तो स्पंज आठवणीने काढा, बुरशी धरते. आणि साक्रीकडचे पावरीवाले (पावरी हे तिकडचं आदिवासी फुंकवाद्य) गालात हवा धरून नाकाने श्वास घेतात, ती कसरत इथे नको. तेवढी हवा पिशवीच सांभाळते.