मदत हवी आहे: पी७एम८ पिस्तुलाच्या पुंगळ्या पूर्वीपेक्षा लांब उडत आहेत, वापर थांबवावा का?

माझ्याकडे हेकलर अँड कोख या जर्मन कंपनीचे पी७एम८ हे ९ मिमी अर्धस्वयंचलित पिस्तूल आहे. अलीकडे त्याच्या रिकाम्या पुंगळ्या पूर्वीपेक्षा बऱ्याच लांब उडू लागल्या आहेत आणि हाताला बसणारा धक्काही अधिक तीव्र, झटक्यासारखा जाणवतो. गोळी अडकणे, पुंगळी न निघणे असा कोणताही प्रकार अद्याप घडलेला नाही. नेमही पूर्वीइतकाच चांगला लागतो. म्हणूनच हा खरोखर बिघाड आहे की माझाच भास, हे ठरवता येत नाही. हे पिस्तूल आता तयार होत नाही, त्याची रचना इतर कोणत्याही पिस्तुलासारखी नाही आणि किंमत तीन हजार डॉलरांच्या घरात गेलेली आहे. त्यामुळे ‘चालते आहे तोवर चालवू’ हे धोरण मला परवडणारे नाही.

ज्यांनी हे पिस्तूल हाताळलेले नाही त्यांच्यासाठी रचनेविषयी थोडे सांगतो, कारण माझा प्रश्न तिच्याशीच जोडलेला आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील हत्याकांडानंतर जर्मन पोलिसांना नवे ९ मिमी पिस्तूल हवे होते. खिशातून काढताक्षणी, वेगळा खटका न दाबता चालवता यावे आणि तरीही बाळगताना निर्धोक असावे, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यातून तीन पिस्तुले मान्य झाली: वाल्थरचे पी५, सिग सावरचे पी६ आणि हेकलर अँड कोखचे पी७. बव्हेरिया आणि लोअर सॅक्सनीच्या पोलिसांनी पी७ घेतले. अमेरिकेत न्यू जर्सीच्या राज्य पोलिसांनी पी७एम८ काही वर्षे वापरले. एम८ म्हणजे मॅगझिनमध्ये आठ गोळ्या.

या पिस्तुलाला बाहेरून दिसणारा घोडा नाही आणि वेगळा सुरक्षा खटकाही नाही. मुठीच्या पुढच्या बाजूला, जेथे आपली बोटे वळतात, तेथे एक लांब पट्टी आहे. ती सुमारे ७ किलोच्या जोराने दाबली की आतली, गोळीच्या बुडावर आदळणारी पिन ताणली जाते आणि तिचे शेपूट स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) मागच्या भोकातून किंचित बाहेर येते. एकदा दाबल्यावर ती धरून ठेवायला फारच कमी जोर लागतो. मूठ सैल केली की खट् असा आवाज होऊन पिन सैल होते आणि पिस्तूल पुन्हा निर्धोक. हातातून निसटून खाली पडले तरी पडताना पिन आपोआप सैल झालेली असते. इतकी साधी कल्पना आणखी कोणी का वापरली नाही याचे मला नवल वाटते, पण ती बनवायला किती महाग पडत असेल हे आत पाहिल्यावर कळते.

खरी वेगळी गोष्ट मात्र नळीखाली आहे. बहुतेक ९ मिमी पिस्तुलांत नळी आणि स्लाइड सुरुवातीला एकमेकांत अडकलेल्या असतात आणि थोडे अंतर एकत्र मागे जाऊन मग सुटतात. येथे नळी सांगाड्याला पक्की बसवलेली आहे. गोळी पुढे सरकताच मागच्या वायूचा काही भाग नळीच्या एका बारीक छिद्रातून खालच्या दंडगोलात शिरतो. स्लाइडच्या पुढच्या टोकाला लटकलेला दट्ट्या त्या दंडगोलात असतो. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद करून दट्ट्या दाबावा आणि हवेने उलट रेटा द्यावा, तसा हा कोंडलेला वायू स्लाइडला मागे येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरला की स्लाइड मोकळी होते. नळी हलत नसल्यामुळे नेम अचूक लागतो आणि ती हाताच्या अगदी जवळ असल्याने पिस्तुलाचे तोंड कमी उसळते.

आता माझी शंका. ज्या विक्रेत्याकडून मी हे पिस्तूल घेतले त्याने सोबत मूळ खोका, साफसफाईची सळई आणि आधीच्या मालकाची अर्धी उरलेली गोळ्यांची पेटी दिली होती. त्या पेटीतल्या गोळ्या उघड्या शिशाच्या, घरी पुन्हा भरलेल्या होत्या. मी त्या वापरल्या नाहीत. तथापि आधीच्या मालकाने अशा किती झाडल्या असतील याचा अंदाज नाही. शिसे आणि काजळी त्या बारीक छिद्रात साचून ते अरुंद झाले असेल तर वायूचा रेटा कमी पडेल, स्लाइड वेळेआधी आणि वेगाने मागे येईल, आणि मला दिसणारी दोन्ही लक्षणे निर्माण होतील, असे माझे अनुमान आहे. दुसरी शक्यता स्प्रिंगची. सांगाड्यावरची ‘आय एच’ ही अक्षरे कंपनीच्या संकेताप्रमाणे १९८७ हे वर्ष दाखवतात आणि शेजारी उल्मच्या चाचणी केंद्राचे हरणाच्या शिंगाचे चिन्ह आहे. म्हणजे नळीभोवतीची परतीची स्प्रिंग बदललेली नसेल, तर ती तितकीच जुनी आहे.

पुंगळ्या गोळा करून पाहिल्या. त्यांच्या अंगावर काजळीच्या बारीक उभ्या रेघा आहेत. त्या या पिस्तुलाच्या कोठीतील (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतील) खाचांमुळे पडतातच, म्हणून तो दोष मानत नाही. मात्र काही पुंगळ्यांच्या तोंडाला आता पोचा येतो, जो पूर्वी क्वचितच दिसत असे. मी फक्त कारखान्यात भरलेल्या, तांब्याच्या वेष्टनाच्या ११५ ग्रेन (गोळीच्या वजनाचे माप) गोळ्या वापरतो आणि मध्यंतरी त्यांचा प्रकार बदललेला नाही.

आणखी एक बाब तापण्याची. दंडगोल चापाच्या अगदी वर असल्याने सलग मॅगझिने रिकामी केली की सांगाड्याचा तो भाग चांगलाच तापतो. एम८ मध्ये त्यासाठी प्लास्टिकचे आवरण दिलेले आहे, तरी मी फिनिक्सच्या उत्तरेकडील बेन एव्हरी या उघड्या रेंजवर जातो आणि तेथे उन्हाळ्यात मुळात हवाच चाळीस अंशांच्या पुढे असते. पुंगळ्यांच्या बदलाचा या उष्णतेशी काही संबंध असू शकतो का?

तिसरा प्रश्न थोडा वेगळा आहे. काही वर्षांत कायमचे पुण्याला परतण्याचा विचार आहे. ९ मिमी हा भारतात नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअर (नळीच्या व्यासाचा प्रकार) असल्यामुळे हे पिस्तूल सोबत नेण्याचा प्रश्नच येत नाही. ते येथेच विकावे लागेल. काही मित्रांचा आग्रह आहे की असे पिस्तूल तेल लावून पेटीत ठेवावे, म्हणजे किंमत टिकेल. मला ते पटत नाही. तिजोरीत ठेवायचे असते तर सोन्याचे वळे घेतले असते. तरीही प्रत्येक बारीला एखादा न मिळणारा भाग झिजत असेल, तर हिशेब बदलतो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपले अनुमान योग्य दिशेने आहे, परंतु छिद्र आणि स्प्रिंग या दोन संशयितांपैकी एकालाच दोषी धरू नका. बहुधा दोघांचाही थोडाथोडा वाटा असतो. तोवर पिस्तूल चालवू नका. स्लाइड वेगाने मागे आदळत राहिली तर मार सांगाड्यावर बसतो, आणि स्प्रिंग नवी मिळेल पण सांगाडा मिळणार नाही.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. मॅगझिन काढून, स्लाइड मागे ओढून कोठी रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा. मग सांगाड्याच्या मागच्या बाजूचे बटण दाबून स्लाइड पूर्ण मागे घ्या, मागून उचला आणि पुढे काढा. दट्ट्या स्लाइडबरोबर येईल. त्याच्या अंगावर काळा, कडक थर असतो; तो सुरीने खरवडू नका, रात्रभर कार्बन विरघळवणाऱ्या द्रावणात ठेवा. पृष्ठभागावर लांब ओरखडे किंवा एका बाजूची झीज दिसली तर ते गंभीर आहे, कारण दट्ट्या दंडगोलात सैल बसला की वायू बाजूने निसटतो आणि परिणाम छिद्र बुजल्यासारखाच होतो.

नंतर दंडगोल. त्यासाठीच आपल्याला ती सळई मिळालेली आहे; बऱ्याच जणांकडे ती नसते आणि ते टूथब्रशने भागवतात. आतून स्वच्छ झाल्यावर नळी आडवी धरून कोठीच्या थोडे पुढे द्रावणाचे थेंब सोडा. छिद्र मोकळे असेल तर ते दंडगोलात उतरतील. उतरलेच नाहीत किंवा फार रेंगाळले तर छिद्रात शिसे आहे असे समजा. यावर काही जण बारीक ड्रिल फिरवतात. कृपया तसे करू नका. छिद्र किंचित मोठे झाले तरी वायूचे गणित बिघडते आणि ते पूर्ववत करता येत नाही. द्रावण भरून ठेवणे, मऊ पितळी तार हलक्या हाताने फिरवणे आणि तरीही जमले नाही तर या पिस्तुलाची माहिती असलेल्या गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे) देणे, एवढेच करावे.

उघड्या शिशाची गोळी या पिस्तुलात कधीच वापरू नये असे कंपनीच्या पुस्तिकेतही सांगितलेले आहे. वरून नळीतले आटे कोरलेल्या खाचांचे नसून गोलसर बहुकोनी आहेत आणि त्यांतही शिसे साचते. आधीच्या मालकाने दोन्ही बाजूंनी घोळ करून ठेवलेला दिसतो.

उष्णतेबद्दल: पुंगळ्या लांब उडण्याचे कारण ती नाही. पण दंडगोलातील तेल पातळ होऊन जळते आणि त्याचीच काजळी होते, म्हणून दंडगोल आणि दट्ट्या कोरडेच ठेवावेत. तेल फक्त स्लाइडच्या खोबणींना. प्रत्येक दोन मॅगझिनांनंतर स्लाइड उघडी ठेवून थोडा वेळ द्या.

प्रतिसाद

विषयाला धरूनच, पण वाचणाऱ्या नव्या मंडळींसाठी एक सूचना. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेत बंदूक वा गोळ्या बाळगण्यास संघराज्य कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकार परवाना असणे हा त्यातला ठळक अपवाद. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण येत नाही. मित्राच्या पिस्तुलाने रेंजवर ‘एक-दोन गोळ्या’ झाडण्याआधी आपली स्थिती वकिलाकडून तपासून घ्यावी, कारण चूक झाल्यास पुढचे सगळे कागद अडकतात.

मूळ प्रश्नातील विक्रीच्या मुद्द्यावर माझे मत असे की एम८ ची किंमत सांगाड्याच्या स्थितीवर, मूळ खोक्यावर आणि जादा मॅगझिनांवर ठरते. बेताने चालवलेले, स्वच्छ ठेवलेले पिस्तूल कोणी नाकारत नाही. न चालवलेल्याला अधिक भाव येतो हे खरे, परंतु आपले ते आधीच चालवलेले आहे. तो भाव आता मिळणार नाही, म्हणून त्याची चिंताही करू नये. सुटे भाग मात्र आजच घेऊन ठेवा: परतीची स्प्रिंग, पिन, पिनेचे मागचे बुश आणि पुंगळी ओढणारा आकडा. खरेदी करणाऱ्याला पिस्तुलासोबत ही पुडी मिळाली तर तो घासाघीस कमी करतो.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे पिस्तूल उघडले. दट्ट्यावरचा थर एका रात्रीत सुटला आणि खाली धातू गुळगुळीत निघाला, ओरखडा नाही. दंडगोलातून मात्र करड्या रंगाचे चपटे कण बाहेर आले, जे काजळीचे नसून शिशाचेच वाटतात, कारण नखाने दाबले तर चपटे होतात. पहिल्या दिवशी थेंब अजिबात उतरले नाहीत. द्रावण आणि पितळी तार यांच्या तीन दिवसांच्या आलटून पालटून वापरानंतर आता ते सावकाश, पण सलग उतरतात.

स्प्रिंग काढून टेबलावर ठेवली. तिची कडी एका टोकाला किंचित वाकडी आहे, पण नव्या स्प्रिंगची मुक्त (न दाबलेली) लांबी ठाऊक नसल्याने ही जुनी किती आखूड झाली आहे हे सांगता येत नाही. नवी मागवली आहे. प्रश्न इतकाच: नवी स्प्रिंग घातल्यावर थेट नेहमीच्या ११५ ग्रेनच्या गोळ्यांनी तपासावे, की आधी एखाद्या सौम्य भारणीच्या, म्हणजे कमी जोराच्या दारूच्या गोळ्यांनी?

प्रतिसाद

नेहमीच्याच गोळ्यांनी तपासा. सौम्य भारणीत वायू कमी असल्याने तुलना फसवी ठरेल. पुंगळ्या जवळ पडतील आणि छिद्र पूर्ण मोकळे झाले असा समज होईल. मॅगझिनमध्ये आधी एकच गोळी, मग दोन, मग पाच, या क्रमाने भरा आणि प्रत्येक वेळी पुंगळीचे तोंड पाहा. पोचा नाहीसा झाला, तर जुनी स्प्रिंग टाकून देऊ नका. नवीशेजारी ठेवून दोन्हींची लांबी येथे कळवा, म्हणजे पुढे असाच प्रश्न घेऊन येणाऱ्याला एक आकडा हाताशी असेल.