दहावी भूमिती: सिद्धता सुटत नाहीये, लवकर सांगा

जुळे_सोलापूरकर: उद्या मुलाची चाचणी आहे. सिद्ध करा:
(१ − साइन) ÷ (१ + साइन) = सेक − टॅन
पानभर खरडून झालं. कुणीतरी पायऱ्या तेवढ्या लिहा. क्लासची जाहिरात नको.

शेंगाचटणी: बोर्ड कुठलं? आणि पानभर काय केलं ते टाका की.

जुळे_सोलापूरकर: बोर्डाचा काय संबंध? स्टेट. सगळं साइन-कॉसमध्ये आणलं, पुढं गाडी अडली.

निवृत्त_मास्तर: ३० अंश घालून बघा. डावीकडं अर्धा भागिले दीड, म्हणजे १/३. उजवीकडं २/√३ − १/√३, म्हणजे १/√३. जुळत नाही. डाव्या बाजूला वर्गमूळ आहे का?

जुळे_सोलापूरकर: आहे ना, अख्ख्या डाव्या बाजूवर. ते धरूनच विचारलंय.

शेंगाचटणी: धरूनच म्हणे!

निवृत्त_मास्तर: मग सोपं आहे. मुळाच्या आत अंश आणि छेद दोन्हींना (१ − साइन) ने गुणा. छेदात १ − साइन वर्ग, म्हणजेच कॉस वर्ग. अंशात (१ − साइन) चा वर्ग. मूळ काढलं की (१ − साइन) ÷ कॉस. प्रत्येक पदाला कॉसने भागा: सेक − टॅन.

कर्ण_पाच: त्यापेक्षा उजव्या बाजूचा वर्ग करा. (१ − साइन) वर्ग भागिले कॉस वर्ग. छेदाचे अवयव पाडा, एक (१ − साइन) उडतो. मुळाची कटकटच नाही.

निवृत्त_मास्तर: वर्ग सारखे म्हणून संख्या सारख्या होत नाहीत. दोन्ही बाजू धन आहेत हे लिहावं लागेल.

कर्ण_पाच: कॉस वर्गाचं मूळ नुसतं कॉस, हे तुम्हीही गृहीतच धरलंत.

निवृत्त_मास्तर: लघुकोन आहे. दहावीत तेवढं चालतं.

गड्डा_यात्रा: पोराला भुईकोट किल्ल्यावर न्या. बुरुजाच्या टोकाचा उन्नत कोन ४५ अंश होईपर्यंत मागं सरकायचं. पायथ्यापासूनचं अंतर अधिक आपल्या डोळ्यांची उंची, झाली बुरुजाची उंची. टॅन कायमचा डोक्यात बसतो.

जुळे_सोलापूरकर: उद्याच्या पेपरात बुरूज नाही हो.

शेंगाचटणी: किल्ल्यात जायला तिकीट आहे का सध्या?

जुळे_सोलापूरकर: मास्तर, पुढचं √((१ + कॉस) ÷ (१ − कॉस)) = कोसेक + कॉट आहे. मूळ लिहिलंय बघा. कशानं गुणायचं?

निवृत्त_मास्तर: (१ + कॉस) ने. छेदात साइन वर्ग येईल. पुढचं त्यालाच करू द्या.