हवानाची पोस्टरे आणि 'पूर्ण स्वातंत्र्य' नावाची दंतकथा

बोथट कुंचला
'क्यूबातील चित्रकाराला जे स्वातंत्र्य आणि जगाशी जो संवाद लाभला, तो कोणत्याही बाजारू देशात लाभला नाही,' असे विधान परवा एका लेखात वाचले आणि त्यावर पडलेल्या टाळ्या पाहून हे लिहिणे भाग पडले. पोस्टरे उत्तम होती, याविषयी वाद नाही. १९६६ च्या हवाना परिषदेतून निघालेल्या, आशिया-आफ्रिका-लॅटिन अमेरिकेच्या एकजुटीसाठीच्या ओस्पाआल या संघटनेने आपल्या 'ट्रायकॉन्टिनेंटल' नियतकालिकात घडी घालून जी पोस्टरे देशोदेशी पाठवली, त्यांच्यापुढे आपली आजची सरकारी जाहिरात केविलवाणी दिसते. वाद आहे तो 'स्वातंत्र्य' या शब्दाचा. १९६१ साली राष्ट्रीय ग्रंथालयात फिदेल कास्त्रो यांनी लेखक-कलावंतांना बजावले होते की क्रांतीच्या आत सारे काही, क्रांतीविरुद्ध काहीही नाही. ते 'आत' कोठे संपते, हे कोण ठरवणार होते? रंग आणि रेषा चित्रकाराच्या, विषय संघटनेचा, आणि हवानातल्या रेशनच्या रांगेचे पोस्टर कोणीच काढायचे नाही.

जुना कार्यकर्ता
रेशनची रांग आपल्याला दिसते, ती लावणारी अमेरिकेची नाकेबंदी दिसत नाही. आणि १९८४ पासूनच्या हवाना बिएनालेचा, म्हणजे तिथे ठरावीक वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाचा, उल्लेखही नसावा? १९८६ च्या दुसऱ्या खेपेत आशिया-आफ्रिकेचे चित्रकार तेथे आले; १९८९ च्या तिसऱ्या खेपेत बक्षिसे रद्द झाली आणि देशवार मांडणीही मोडली. व्हेनिसच्या बिएनालेत मात्र देशोदेशींचे स्वतंत्र मंडप आणि सुवर्णसिंह हे बक्षीस आजही आहेत. पॅरिस-न्यूयॉर्कच्या दलालाशिवाय तिसरे जग एकमेकांचे काम पाहू शकले, ही लहान गोष्ट नव्हे. राहिला प्रचाराचा मुद्दा, तर आपल्या मुंबईतून निघणारे 'क्वेस्ट' हे नियतकालिक 'काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम' या ज्या साम्यवादविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली होते, तिला सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा मिळत होता, हे सोयीस्करपणे विसरू नये.

बोथट कुंचला
विसरलो नाही. पण तो पैसा अमेरिकेतल्याच वृत्तपत्रांनी १९६६-६७ मध्ये चव्हाट्यावर आणला. हवानात असे कोणते वृत्तपत्र होते? आपल्या लाडक्या १९८९ सालीच राजकीय कलेसाठी प्रसिद्ध जर्मन कलावंत हान्स हाके यांच्या सन्मानार्थ तरुण क्यूबन चित्रकारांनी योजलेले प्रदर्शन रद्द झाले. पुढच्या वर्षी आन्हेल देल्गादो या क्यूबन कलावंताने प्रदर्शनात 'ग्रान्मा' या पक्षाच्या मुखपत्रावर शौच केले आणि सहा महिने तुरुंगात काढले. पाहुण्यांना दिवाणखाना आणि घरच्यांना कोठडी, असा हा संवाद होता.

शाईचे हात
देल्गादोची अभिरुची बाजूला ठेवू. आपण दोघेही घडी घातलेल्या पोस्टरांवर बोलत आहात, म्हणून एक दुरुस्ती करतो. ओस्पाआलची पोस्टरे ऑफसेटवर छापलेली होती. हाताने कापलेल्या स्टेन्सिलने, एकेका रंगासाठी पडदा बदलून छापली जात ती क्यूबाच्या चित्रपट संस्थेची पोस्टरे. मी वीस वर्षे स्क्रीन प्रिंटिंग केले आहे आणि दोन्हींची सरमिसळ झाली की मला त्रास होतो. शिवाय घडीमुळे शाई तडकते. एवढ्या सुंदर कामाला मुद्दाम चुरगळून पाठवणे, हा कोणत्याही विचारसरणीत गुन्हाच आहे.

जुना कार्यकर्ता
चुरगळून? घडी होती म्हणूनच ते आमच्यापर्यंत पोहोचले! मी १९७४ साली गिरणगावातल्या खोलीत असे एक पोस्टर पिठाच्या खळीने भिंतीवर लावले होते. त्यावरच्या चार भाषांपैकी आईला एकही येत नव्हती, तरी बंदूक घेतलेली बाई पाहून तिने विचारले, 'हिचं मूल कुठाय?' एखाद्या गॅलरीतल्या गुळगुळीत चित्राला असा प्रश्न कोणी विचारला आहे काय?

शाईचे हात
आपल्या आईंचा प्रश्न चित्राला होता, घडीला नव्हे. आणि खळ लावून आपण ते पोस्टर कायमचे संपवले, हेही कबूल करा.

जुना कार्यकर्ता
पोस्टर भिंतीवर संपण्यासाठीच असते! आज हीच पोस्टरे काचेत बसवून डॉलरमध्ये विकतात, त्याचे आपणांस दुःख नाही. आपल्याला शाईच्या तड्याचे दुःख आहे. धन्य आहे.

बोथट कुंचला
मी धागा स्वातंत्र्यावर काढला होता, खळीवर नव्हे. तरी कार्यकर्त्यांच्या बाजूची एक गोष्ट मान्य करतो, आणि तीही नाइलाजाने. क्यूबन पोस्टरकार रेने मेदेरोस १९६९ मध्ये व्हिएतनामला गेले आणि त्यांनी युद्धभूमी डोळ्यांनी पाहून चित्रे काढली. आपल्याकडच्या एका सरकारी कलास्पर्धेत मला 'ग्रामीण जीवन' हा विषय मिळाला तेव्हा आयोजकांनी गाव दाखवण्याऐवजी कॅलेंडर पुढे केले होते. पाठवणारे सरकार असावे तर असे. पण त्याच सरकारच्या हवानात २००९ साली क्यूबन कलावंत तानिया ब्रुगेरा यांनी बिएनालेमध्ये ध्वनिक्षेपक ठेवून प्रत्येकाला एक मिनिट बोलायला दिले, तर आयोजकांनी निषेध केला. २०१४ च्या डिसेंबरात तोच प्रयोग क्रांती चौकात करायचे ठरवले, तर त्यांना अटक झाली.

जुना कार्यकर्ता
एक मिनिट का होईना, तिकडे दिले होते. आपल्या कलास्पर्धेत आपल्याला किती मिळाले?

बोथट कुंचला
कॅलेंडर परत करण्यापुरते.