आईसाठी १५ हजारांत टॅब: जुनी मराठी पुस्तकं, ई-पेपर, कीर्तनं. कोणता घ्यावा आणि कसा लावून द्यावा?

गोदाकाठ
आईसाठी टॅब घ्यायचाय. वय ६९, वाचायचा चष्मा आहे. मुख्य वापर म्हणजे स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं, सगळी पीडीएफ. सकाळी ई-पेपर, संध्याकाळी यूट्यूबवर कीर्तन नाहीतर नाटक. अधूनमधून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणं असतं, तेव्हा गाडीतही वाचता-बघता यावं. घरी वायफाय आहे. कव्हर आणि मेमरी कार्ड धरून बजेट १५ हजार.
एमजी रोडला एक १०.१ इंची टॅब ९ हजारांत सांगतायत, ‘८ जीबी रॅम’ म्हणून. दुसरा पर्याय नावाजलेल्या कंपनीचा ८.७ इंची. सेकंडहँडही चालेल. वाचनासाठी नेमकं काय बघून घ्यायचं? आणि घरी आणल्यावर काय काय करून द्यायचं, म्हणजे तिला दर वेळी कुणाला विचारावं लागणार नाही?

खिळेजुळारी
रॅम सोडा, आधी स्क्रीनची रुंदी पिक्सेलमध्ये विचारा. टॅब उभा धरला की रुंदीत ८०० पिक्सेल आहेत की १२००, एवढ्यावर मराठी वाचन ठरतं.

हिशेब असा. आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे पान साधारण १४० मिमी रुंद. त्यातला मजकूर ११० मिमी, बाकी समास. ओळीत धरा ४० अक्षरं. ८०० पिक्सेलच्या स्क्रीनवर पूर्ण पान लावलं तर मजकुराला सव्वासहाशेच पिक्सेल मिळतात, म्हणजे एका अक्षराला १५-१६. इंग्रजी त्यात निभावतं, कारण तिथं अक्षर एकाच मजल्याचं. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. अनुस्वाराच्या टिंबाला जेमतेम दोन पिक्सेल उरतात आणि ‘ष्ट्य’, ‘द्ध’, ‘र्‍य’ यांचा काळा डाग होतो. १२०० पिक्सेलच्या स्क्रीनवर त्याच अक्षराला २३-२४ मिळतात आणि टिंब टिंबासारखं दिसतं.

म्हणून तो ९ हजारांचा १०.१ इंची घेऊ नका. त्या किमतीत स्क्रीन बहुधा १२८०×८०० असते. ८.७ इंचीतही रुंदीत ८००च असतात, पण ते लहान जागेत बसल्यामुळे अक्षर निदान रेखीव दिसतं. मोठ्या काचेवर तेच पिक्सेल ताणलेले असतात. वाचनासाठी सगळ्यात वाईट पर्याय तोच, आणि दुकानात सगळ्यात आधी पुढं केला जातो तोही तोच.

११ इंची, १९२०×१२०० बघा. गॅलक्सी टॅब ए९ प्लस, लेनोवो टॅब एम११, रेडमी पॅड एसई हे तिन्ही या मापाचे. किंमत ऑफरप्रमाणे खालीवर होते, त्यामुळे जो बजेटमध्ये सापडेल तो घ्या. वाचनापुरता तिघांत मोठा फरक नाही. स्क्रीनची रुंदी १४८ मिमी, म्हणजे डेमी पान छापील आकारापेक्षा किंचित मोठंच दिसतं. वजन मात्र पावणेपाचशे ग्रॅमच्या आसपास जातं. हातात धरून तासभर वाचणं होत नाही, मनगट दुखतं. पोथी ठेवायचा लाकडी घडीचा स्टँड घरात असेल तर तोच वापरा, टॅब त्यावर छान बसतो.

दुकानात जाताना सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) आणलेलं एखादं डेमी पुस्तक आणि फोनवर एक स्कॅन पीडीएफ घेऊन जा. टॅबवर पान पूर्ण लावायचं, झूम न करता पुस्तक शेजारी धरायचं, आणि आईंनाच वाचायला सांगायचं.

सिडको_बेंच
वरच्या माहितीला पूर्ण अनुमोदन. खरेदीचं आणखी थोडं.

‘८ जीबी रॅम’ म्हणजे अनेकदा ४ जीबी खरी आणि ४ जीबी स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’मध्ये ‘४+४’ असं दिसतं. खरी ४ जीबी पुरते. ३ जीबीत यूट्यूबवर जाऊन परत आलं की वाचायचं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून उघडतं.

सिनेमे-मालिका बघणार असाल तर ‘डीआरएम इन्फो’ हे फुकट अ‍ॅप टाकून वाइडवाइनची (सिनेमांची चोरी रोखणाऱ्या कुलपाची) सिक्युरिटी लेव्हल बघा. ‘एल१’ हवी. ‘एल३’ असेल तर नेटफ्लिक्स, प्राइम ४८०पीच्या पुढं जात नाहीत, मग स्क्रीन कितीही चांगली असो. यूट्यूबला याचा फरक पडत नाही.

सेकंडहँड घेताना दुकानातच, तुमच्यासमोर, आधी सेटिंग्जमधून जुनं गूगल खातं काढून टाकायला लावा आणि मग फॅक्टरी रिसेट. क्रम उलटा झाला तर रिसेटनंतर टॅब जुनाच पासवर्ड मागू शकतो आणि तिथंच अडकतो. सुरू होताना ‘हे उपकरण संस्थेच्या मालकीचं आहे’ अशा अर्थाचं काही दिसलं तर सरळ परत करा. शाळा-कंपन्यांचे असे टॅब बाजारात येतात आणि ते कुलूप रिसेटने जात नाही. सिमचा टॅब असेल तर *#०६# दाबून आयएमईआय (उपकरणाचा ओळख क्रमांक) काढा, ‘केवायएम’ लिहून एक जागा सोडून तो क्रमांक टाका आणि १४४२२ला एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. घरी वायफाय आणि बाहेर फोनचा हॉटस्पॉट असेल तर सिमच्या मॉडेलचे जादा पैसे कशाला?

काच लावताना मॅट काच लावून घेऊ नका. ‘डोळ्यांना बरी’ म्हणून देतात, पण ती काच प्रकाश विखुरते. चमक कमी होते हे खरं, त्याबरोबर बारीक अक्षराची कडही जाते आणि पांढऱ्या पानावर रवाळ चमचम दिसते. इतके पैसे देऊन घेतलेले पिक्सेल एका काचेपायी घालवायचे नाहीत. साधी पारदर्शक काच लावा आणि दिव्याकडे पाठ न करता दिवा बाजूला घेऊन वाचायला बसवा.

कार्ड १२८ जीबी पुष्कळ झालं. घेतल्याबरोबर कॉम्प्युटरवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या कार्ड तपासायच्या प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. बनावट कार्ड १२८ दाखवतं, पण ३०-३२ जीबीनंतर टाकलेल्या फाइली कोऱ्या निघतात, आणि हे सहसा सहा महिन्यांनी कळतं.

गोदाकाठ
दोघांचेही मनापासून आभार. ११ इंची नक्की केला. आता पुस्तकांबद्दल. फोनवर करून बघितलं तर तीन अडचणी येतात. काही पीडीएफ ‘टेक्स्ट मोड’मध्ये (पानाचं चित्र न दाखवता फक्त मजकूर दाखवणाऱ्या) टाकल्या की भलतीच इंग्रजी अक्षरं येतात. इंटरनेट आर्काइव्हवरच्या काहींचं पान उलटायला दोन-तीन सेकंद लागतात. आणि काहींत समोरासमोरची दोन पानं एकाच चित्रात आहेत, ती उभ्या टॅबवर मुंगीएवढी दिसणार. शिवाय विकिस्रोतवरून ईपब (ई-पुस्तकाची फाइल) घेतलं तर त्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, आईला ते खटकतं.

खिळेजुळारी
आईंना खटकतं ते बरोबरच खटकतं.

इंग्रजी अक्षरं येतात त्या पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फाँटमध्ये जुळवलेल्या असतात. त्या फाँटमध्ये ‘क’, ‘ि’, रफार हे तुकडे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फाँट फाइलमध्येच असल्यामुळे पान बरोबर दिसतं, पण खाली साठवलेला मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा काला. त्यामुळे टेक्स्ट मोड, शोध, मोठ्यानं वाचून दाखवणं, यातलं काहीच चालत नाही. परीक्षा सोपी: एक शब्द दाबून धरा, कॉपी करा, नोट्समध्ये चिकटवा. काला आला तर ते पुस्तक चित्र समजूनच वाचायचं.

चित्र म्हणून वाचताना मोठा फायदा समास कापण्यात आहे. ‘रीडएरा’त समास कापायची सोय आहे, अ‍ॅप साधं आहे आणि जाहिराती नाहीत. आईंसाठी हेच ठेवा. समास गेले की ११० मिमीचा मजकूर १४८ मिमीवर पसरतो, अक्षर छापीलपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शानं मोठं दिसतं. स्कॅन फिकट असेल तर ‘केओरीडर’ हे दुसरं वाचायचं अ‍ॅप लागेल. त्यात कॉन्ट्रास्ट वाढवता येतो, पिवळट पानावरची राखाडी अक्षरं काळी होतात. त्याचे मेनू मात्र किचकट आहेत, एकदा तुम्ही लावून द्या.

पान उलटायला वेळ लागतो तो जेपीईजी २००० या चित्र साठवायच्या पद्धतीमुळे. त्यात चित्र छान दाबलं जातं, पण उलगडताना स्वस्त प्रोसेसर दमतो. कॉम्प्युटरवर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅममधून फाइल एकदा काढली की बहुतेकदा साधं जेपीईजी होतं आणि पान झटकन उलटतं. फक्त ‘ईबुक’ सेटिंग निवडू नका. ते १५० डीपीआयवर (इंचाला १५० ठिपके) आणतं आणि जोडाक्षरं पुन्हा गढूळ होतात. ‘प्रिंटर’ निवडा, ३०० डीपीआय. फाइल मोठी झाली तरी कार्डावर जागा आहे.

जोडपानांसाठी ‘ब्रिस’ हा प्रोग्रॅम, फुकट आहे, कॉम्प्युटरवर ‘जावा’ हे सॉफ्टवेअर असावं लागतं. ते सगळी पानं एकमेकांवर ठेवून दाखवतं. डाव्या पानावर एक चौकोन आणि उजव्यावर दुसरा ओढायचा, मग क्रॉप. एका जोडपानाची दोन सुटी पानं होतात, समासही त्याच फेरीत जातात. चौकोन मजकुराला अगदी खेटून काढू नका. बांधणीजवळ पान वळलेलं असतं, तिथली शेवटची मात्रा कापली जाते.

ईपबमधल्या ‘ल’, ‘श’साठी मराठी वळणाचा फाँट लागतो. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ मोफत आहे. केओरीडरच्या फाँट्स फोल्डरमध्ये टाका, आणि ‘कर्निंग’ (अक्षरं जोडून-जुळवून दाखवायचं सेटिंग) ‘बेस्ट’वर आहे ना ते बघा. नाहीतर जोडाक्षरं सुटी पडून मधे पाय मोडलेले दिसतात.

ओझरकर
लावून देण्याचं राहिलंय, ते लिहितो.

होम स्क्रीनवर पाचच चिन्हं ठेवा: रीडएरा, ई-पेपर, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, फोटो. बाकी सगळं आत. ऑटो-रोटेट बंद करून उभं कुलूप लावा. आडवं झाल्यावर पान मोठं होतं आणि ओळ हरवते, ज्येष्ठांची अर्धी तक्रार तेवढ्यानं मिटते. व्हिडिओ पूर्ण स्क्रीन केला की तो बहुधा आपोआप आडवा होतो, एकदा करून बघा. स्क्रीन बंद व्हायची वेळ १० मिनिटं. चार्ज ८०-८५ टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर चालू करा, कारण घरातला टॅब दिवसरात्र चार्जरला लागलेला असतो. फाँट मोठा कराल तेव्हा लक्षात घ्या, त्यानं मेनू मोठे होतात, स्कॅन केलेलं पान नाही.

पुस्तकांच्या फाइलींना मराठीत नावं द्या, आधी लेखक मग पुस्तक. ‘स्कॅन००४७’ असं नाव असेल तर आईंना पुस्तक सापडणार नाही.

गाडीसाठी आदल्या रात्री वायफायवर कीर्तनं यूट्यूबच्याच ‘डाउनलोड’मध्ये घेऊन ठेवा. इगतपुरी सुटली की कसारा घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते. निघण्याआधी नाशिकरोडलाच विमान मोड लावून एक कीर्तन आणि एक पुस्तक उघडून बघा. ई-पेपरवाल्यांचं पान बरेचदा फक्त पहिलंच साठवलेलं असतं, ते तिथंच कळतं.