दुकानाची साइट वाढतेय : वूकॉमर्स, शॉपिफाय की हेडलेस?

कोकणमेवा_ऑनलाइन
रत्नागिरीतल्या दुकानाची साइट साध्या एचटीएमएलमध्ये आहे. कोकम आगळ, आंबापोळी, कुळथाचं पीठ असे ६० पदार्थ. वर्षभरात ३०० होतील. मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं. भाव बदलणारी माणसं तांत्रिक नाहीत. एका एजन्सीने हेडलेस सुचवलंय. काय घ्यावं?

वेबकारागीर
हेडलेस नको. त्यात मजकुराचा साठा वेगळा आणि दिसणारी साइट वेगळी, त्यामुळे मांडणीतल्या लहानशा बदलालाही डेव्हलपर लागतो. तोच मजकूर ॲपमध्येही न्यायचा असेल तरच तो खर्च परवडतो.

उरले दोन: शॉपिफाय ही दुकानाची साइट भाड्याने देणारी सेवा, आणि वूकॉमर्स हे वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरला दुकान जोडणारं प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर). शॉपिफायमध्ये सर्व्हर, अपडेट, सुरक्षा त्यांच्याकडे. पण त्यांची स्वतःची पेमेंट सेवा भारतात नाही. रेझरपेसारखा गेटवे (ग्राहकाचे पैसे स्वीकारणारी बाहेरची सेवा) जोडला की बेसिक प्लॅनवर त्या ऑर्डरचे २ टक्के शॉपिफायला जातात, गेटवेचं शुल्क वेगळंच. महिन्याला २ लाखांच्या विक्रीवर ४,००० रुपये, वर मासिक भाडं. तेवढ्यात वूकॉमर्सचं होस्टिंग आणि अपडेट बघणारा माणूस मिळत असेल तर वूकॉमर्स घ्या. माणूस मिळत नसेल तर शॉपिफायच बरं. अपडेट न केलेले प्लगिन हीच वर्डप्रेस साइट हॅक होण्याची नेहमीची वाट.

आणि ते ३०० पदार्थ आहेत की ३०० पुड्या? १००, २५०, ५०० ग्रॅम हे एकाच पदार्थाचे व्हेरिएशन करा.

देवनागरी_वेब
वूकॉमर्स घेतलंत तर स्लग, म्हणजे पानाच्या पत्त्यातला नावाचा भाग, रोमन लिपीत हाताने लिहा. वर्डप्रेस स्लगला २०० जागा देतं, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, एन्कोड झाल्यावर (पत्त्यात चालणाऱ्या रोमन चिन्हांत बदलल्यावर) ९ जागा खातं. जेमतेम २२ चिन्हं बसतात. ‘घरगुती कुळथाचं पीठ अर्धा किलो’ मधला ‘किलो’ गळून पडतो.

साइट दोन भाषांत करणाऱ्या पॉलिलँग या प्लगिनच्या मोफत आवृत्तीत वूकॉमर्सचे पदार्थ दोन भाषांत जोडता येत नाहीत, त्याचं ॲड-ऑन विकत घ्यावं लागतं. हा खर्च आधीच धरा. पेज कॅशमधून (पानांच्या साठवून दाखवल्या जाणाऱ्या प्रतींमधून) कार्ट, चेकआउट आणि खात्याची पानं वगळा, नाहीतर एकाची कार्ट दुसऱ्याला दिसू शकते.

काहीही निवडा, जुन्या ६० पत्त्यांसमोर नवे पत्ते लिहून ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) साइट बदलायच्या आधी तयार ठेवा. शॉपिफायमध्ये पत्त्यातला ‘प्रॉडक्ट्स’ हा भाग काढताच येत नाही, म्हणून तिथे तर हे हवंच.

कोकणमेवा_ऑनलाइन
वूकॉमर्समध्ये सगळे भाव एकदम बदलता येतात का?

वेबकारागीर
हो, सीएसव्हीने, म्हणजे साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलने. प्रत्येक पुडीला वेगळा एसकेयू (मालाचा ओळख-क्रमांक) द्या आणि आयात करताना ‘असलेले पदार्थ अद्ययावत करा’ या पर्यायावर खूण करा. खूण नसेल तर जुने एसकेयू सोडून दिले जातात. फाइल गूगल शीट्समधून काढा. एक्सेलमध्ये यूटीएफ-८ (मराठी अक्षरं जपणारी साठवण्याची पद्धत) न निवडता जतन केली तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.