विभाग मारते, राज्यावर का हरते?

प्रश्न: दर्यापूरकडचे सतरा वर्षांखालचे पोट्टे कुस्तीत विभागीय स्पर्धा मारतात, पण राज्य स्पर्धेत कोल्हापूर-पुण्याच्या पोरांसमोर ०-१० नं हरतात. कमी कुठं पडते?

उत्तर १: ताकदीत नाही भाऊ, मॅटच्या सवयीत. मातीत चितपट होईस्तोवर कुस्ती जिवंत असते. मॅटवर पाठ मॅटकडं वळली की २ गुण, रिंगणाबाहेर पाय पडला की १. एक पट बसला, म्हणजे पाय धरून खाली पाडलं (२), वरून सलग चार भारंदाज, म्हणजे कमरेला मिठी मारून उलटवणं (८), फरक १० झाला की कुस्ती तिथंच संपते, खेळ खल्लास! खाली गेल्यावर कोपरं बरगडीला, पाय फाकवून कंबर मॅटला दाबा. गुडघ्यावर उठला की समोरच्याचा हात कमरेत गेलाच.

उत्तर २: दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे ३० सेकंद. सराव घड्याळ लावूनच घ्या.

उत्तर ३: अन् पाणी तोडून वजन उतरवणं बंद करा राजेहो. दुसऱ्या फेरीत पायच उचलत नाही. त्यापेक्षा वरचा वजनगट बरा.