बाबांच्या गूगल खात्यातले फोटो आणि त्याखालच्या ओळी कशा वाचवू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

सगळं सविस्तर सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्याला पुन्हा पुन्हा विचारावं लागणार नाही.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं. ते बेस्टमध्ये कंडक्टर होते. वरळीच्या बीडीडी चाळीत, जांबोरी मैदानाजवळ, १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही चौघं राहिलो. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करायचं ठरलं आणि बाबांनी फोटो काढायचा सपाटाच लावला. जिना, लांबलचक पॅसेज, दारांवरच्या पाट्या, नळावरची रांग, गणपतीच्या मंडपात झोपलेली पोरं. प्रत्येक फोटोखाली दोन ओळी. त्या ते टाईप करत नसत, कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोलत. ‘पिंप’ म्हटलं की कधीकधी ‘पिंपळ’ उमटायचं, मग चष्मा पुसून एकेक अक्षर नीट करत बसत. पहाटेच्या एका फोटोखाली आहे: ‘नळाला पाणी आले. ५.४० झाले. निळे पिंप आपले.’

आमची इमारत आता पाडली. ती या फोटोंमध्येच काय ती उरली आहे.

लग्नाचे कृष्णधवल फोटोही त्यांनी गूगलच्या फोटोस्कॅन ॲपने उतरवून घेतले. ज्यांनी ते वापरलंय त्यांना माहीत असेल, स्क्रीनवर चार ठिपके येतात आणि फोन एकेका ठिपक्यावर न्यावा लागतो, म्हणजे कागदावरची चकाकी निघून जाते. बाबांचा हात थोडा थरथरायचा. आई कोपराखाली उशी धरायची आणि दोघं मिळून एकेक फोटो पुरा करायचे. आई आजही त्यातला एक फोटो मोठा करून स्वतःच्या नथीकडे बघत बसते.

नकाशाचाही त्यांना फार लळा होता. अख्खी नोकरी थांब्यांची नावं पुकारण्यात गेलेली, त्यामुळे गूगल मॅप्सवर एखादं मराठी नाव चुकीचं दिसलं की लगेच दुरुस्ती सुचवायचे. ती मान्य झाल्याचा मेल आला की आईला वाचून दाखवायचे. मला स्वतःला रोज ऑफिसात शीट्स, ड्राइव्ह, कॅलेंडर लागतं, पण ती कामाची हत्यारं. या गोष्टी माणसाच्या आयुष्यात किती आत जातात ते मला बाबांमुळे कळलं.

आता अडचण.

सव्वा वर्ष त्यांचा फोन कपाटात बंद होता, आमची कुणाचीच हिंमत होत नव्हती. मधल्या काळात रिचार्ज न केल्यामुळे सिम बंद पडलं. ही माझी चूक, आणि ती मला फार लागली आहे. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, हे मला नंतर समजलं. खात्याला जोडलेला नंबर तोच, म्हणजे ओटीपीचा रस्ता बंद. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही. फोनवर मात्र खातं अजून उघडं आहे आणि स्क्रीनचा पिन आईला माहीत आहे. फोन फार संथ चालतोय म्हणून दुकानात नेला, तर तिथला मुलगा म्हणाला, रिसेट मारून देतो. नशीब मी थांबवलं. रिसेट झाला असता तर उघडं असलेलं खातंच हातातून गेलं असतं. कुणाच्या घरी असा फोन असेल तर कृपा करून रिसेट करू देऊ नका.

दोन वर्षं काहीच वापर झाला नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं. हा नियम २०२३ साली जाहीर झाला. म्हणून गेल्या आठवड्यात फोन चार्ज करून त्यातून मेल उघडला, ड्राइव्हही उघडलं. साइन इन असताना असा वापर झाला की खातं चालू धरतात, त्यामुळे तेवढी मुदत वाढली असं मी समजते.

जागेचंही कोडं आहे. खात्यात १५ जीबीपैकी १४ जीबीच्या वर भरलेले दिसतात. आधी वाटलं, एवढंच असेल तर माझ्या खात्यात ओढून घेऊ. मग लक्षात आलं की १ जून २०२१ च्या आधी ‘हाय क्वालिटी’त, म्हणजे आकार थोडा कमी करून चढवलेले फोटो या हिशेबात धरलेच जात नाहीत, आणि बाबांचे बरेचसे फोटो त्याआधीचे. म्हणजे खरा साठा आकड्यापेक्षा बराच मोठा. माझ्याकडे तर जीमेल, ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप मिळून जेमतेम २ जीबी मोकळे आहेत.

गूगलकडे वारसांसाठी अर्जाची सोय आहे, मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. पण पासवर्ड ते कुणालाही देत नाहीत. खातं ठरावीक महिने वापरलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवायचं, अशी सेटिंग आधीच करून ठेवता येते. बाबांनी ती केली नव्हती. मी माझ्या आणि आईच्या खात्यावर काल करून टाकली.

तर माझे प्रश्न असे. फोनमधूनच, पासवर्डशिवाय, टेकआउट (खात्यातला आपला सगळा साठा उतरवून घ्यायची गूगलची सोय) मागवता येतं का? बाबांच्या ओळी फोटोंसोबत येतात का? आणि पुढे खातं कधी बंद झालं, तर नकाशावरचे त्यांचे अभिप्राय तरी टिकतात का? त्यांचे स्क्रीनशॉट काढायला मी सुरुवात केली आहे, तरी कुणी हे सगळं प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. ‘पैसे भरून जागा वाढवा’ हा सल्ला मला मान्य आहे, पण ज्या खात्याचा पासवर्ड नाही त्यावर दरमहा पैसे भरत राहायची भीती वाटते.

भर, रविवार रात्र:

सगळ्यांचे मनापासून आभार. इथे सुचवल्याप्रमाणे फोनमधल्या क्रोममधून टेकआउट उघडलं. त्याने ओळख पटवायला स्क्रीनचा पिन मागितला, आईने टाकला, आणि काम झालं! फक्त फोटोज निवडले, २ जीबीचे तुकडे मागितले. एकूण एकोणीस झिप आल्या. डाउनलोडची लिंक आठवडाभरच चालते, म्हणून दोन रात्री जागून सगळ्या उतरवल्या. एक प्रत हार्ड डिस्कवर, दुसरी भावाकडे.

ओळीही आल्या आहेत, पण फोटोच्या आत नाहीत. प्रत्येक फोटोशेजारी एक छोटी जेसन फाईल आहे, तिच्यात तारीख आणि बाबांचं वाक्य. एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रामने ते वाक्य फोटोतच लिहून टाकता येतं असं वाचलं. माझा शेवटचा प्रश्न एवढाच: देवनागरी मजकूर यात नीट जातो ना? जोडाक्षरं तुटून चौकोन तर होत नाहीत? आधी दहा फोटोंची वेगळी प्रत करून बघणार आहे. कुणाकडे मराठी मजकुरासह चालवून बघितलेली आज्ञा (कमांड) असेल तर इथे द्या. उद्या सातनंतर मी लॅपटॉपवर आहे, आईही शेजारी बसणार आहे. निळ्या पिंपाचा फोटो आधी कर म्हणाली आहे.